झेडपी शाळेतला स्मार्ट क्लासरूम संच: पॅनल भारी, सर्व्हिसच्या नावाने बोंब

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतून स्मार्ट क्लासरूमचा संच आला त्याला वर्ष उलटून गेलं, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि माझी मुलगी सहावीला त्याच वर्गात बसते, म्हणून लिहितोय. ७५ इंची टच पॅनल, बॅटरी बॅकअप आणि आत भरून दिलेले धडे असं सगळं मिळून आलंय.

पॅनल एक नंबर आहे, त्यात वादच नाही. आधीच्या प्रोजेक्टरला खिडक्या लावून अंधार करावा लागायचा, आता भर दुपारी शेवटच्या बाकावरून पण चित्र स्वच्छ दिसतं. भूगोलाचा तास तर बघण्यासारखा असतो. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवत अक्षवृत्तं रेखावृत्तं दाखवायची, मग झूम करत करत महाराष्ट्र, जिल्हा, तालुका, आणि आमचा पाझर तलाव दिसला की सगळी पोरं उभी राहतात, "सर अजून खाली घ्या ना, आमचं घर येतंय!" नकाशा म्हणजे काय हे त्या एका तासात जेवढं डोक्यात शिरलं तेवढं पुस्तकातून शिरलं नसतं.

आत भरून दिलेले धडे ठीकठाक, आवाज कंटाळवाणा. खरं काम दीक्षा या सरकारच्या शिक्षणाच्या ॲपवर होतं. ते २०१७ पासून आहे, फुकट आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य येतं आणि घरी डाउनलोड करून आणलं की शाळेत नेट नसलं तरी चालतं. एवढं हाताशी असताना धड्यांसाठी वेगळे पैसे घालवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाचं. समग्र शिक्षात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं, स्मार्ट क्लासरूमला एकदाच २ लाख ४० हजार आणि पुढे वर्षाला ३८ हजार अशी तरतूद आहे. म्हणजे वस्तूला पैसा आहे हो, पण आमच्याकडे खरेदी पण वरून आणि दुरुस्ती पण वरून, शाळेच्या हातात काय तर संयुक्त शाळा अनुदान, ते १०१ ते २५० पटाला वर्षाला ५० हजार, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला, आणि उरलेल्यात लाईट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, सगळंच. बॅटरी गेली तर ती कुठून आणायची सांगा?

आणि ती गेलीच. स्टिकरवरच्या नंबरवर फोन केला तर वॉरंटी कार्ड मागतात, कार्ड शाळेला कुणी दिलेलंच नाही. पावसाळ्यात लाईट सारखी जाते, तेवढे दिवस पॅनल चादर टाकून उभा. शेवटी लोकवर्गणी काढून बॅटरी बसवली. त्याच वेळी वायरमनने बघितलं तर सॉकेटला अर्थिंगच नाही! पोरं म्हणत होती की फ्रेमला हात लावला की मुंग्या येतात, ते यामुळे. लहान पोरं हात लावणार अशा वस्तूला अर्थिंग न बघता जोडून जाणं हा अक्षम्य प्रकार आहे.

ट्रेनिंग एका दिवसात उरकलं, ज्या सरांनी घेतलं त्यांची बदली झाली. नव्या मॅडमनी स्वतःच्या जिद्दीने शिकून घेतलं, त्यांचं करावं तेवढं कौतुक कमी.

पॅनलला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला एक. तुमच्या शाळेत संच येणार असेल तर मुख्याध्यापकांना सांगा, बिलाची झेरॉक्स, वॉरंटी कार्ड आणि सिरियल नंबर हातात घ्या, गावातल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि मगच पोच पावतीवर सही करा.