लंडनमध्ये दोघांचा एक दिवस: पर्यटक बस घ्यावी की स्वतःची वाट आखावी?

अमेरिकेला जाताना किंवा मुलांकडून परतताना लंडनमध्ये एक मोकळा दिवस काढणारी जोडपी आमच्या पार्ल्यातल्या ओळखीत दरवर्षी असतात. तो दिवस कसा घालवावा, असे ती आम्हांला विचारतात, कारण आम्ही दोघांनी दोन वेगळ्या प्रवासांत तो दोन्ही प्रकारे घालवला आहे: एकदा उघड्या टपाच्या पर्यटक बसने आणि एकदा साधी बस, भुयारी रेल्वे व पायी.

मुंबईत पूर्वी धावणाऱ्या ‘निलांबरी’ या उघड्या टपाच्या बसमध्ये जे बसले असतील, त्यांना पर्यटक बसची कल्पना लगेच येईल. दिवसभराचे एकच तिकीट काढायचे, हव्या त्या थांब्यावर उतरायचे, मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचे आणि कानाला लावलेल्या यंत्रातून माहिती ऐकत राहायचे. नकाशा पाहावा लागत नाही आणि पायांना विश्रांती मिळते, ही सोय मोठी आहे. अडचण वेळेची आहे. मध्य लंडनच्या रहदारीत ही बस आपल्या लिंकिंग रोडवरच्या बससारखीच अडकते, आणि दर वेळी उतरल्यावर पुढच्या बससाठी थांबावे लागते ते वेगळेच. आम्ही वेस्टमिन्स्टरहून सकाळी निघालो, दोनदा उतरलो, आणि टॉवर ऑफ लंडनला पोहोचेपर्यंत तिथला शेवटचा प्रवेश होऊन गेला होता. शहरातली जी एक जागा आतून पाहायची असे आम्ही मुंबईहून ठरवून निघालो होतो, ती त्या दिवशी बाहेरूनच पाहिली.

म्हणून दुसऱ्या खेपेस दिवसाची सुरुवातच टॉवरपासून केली. दार उघडताच आत जाऊन आधी राजमुकुटांचे दालन गाठावे, कारण दिवस चढेल तशी तिथली रांग लांबत जाते. 1849 मध्ये लाहोरच्या तहानंतर शिखांचे बालवयीन महाराज दुलीपसिंग यांच्याकडून घेतलेला कोहिनूर हिरा तिथे 1937 साली घडवलेल्या राणीच्या मुकुटात बसवलेला आहे, आणि त्याच्यासमोरून जाताना आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. टॉवरसाठी तीन तास हाताशी ठेवावेत. बाहेर आल्यावर 15 क्रमांकाची साधी दुमजली बस सेंट पॉल्स कॅथेड्रलवरून ट्रफाल्गर चौकापर्यंत नेते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर पर्यटक बसमधून दिसणाऱ्या शहराचा बराचसा भाग इथूनही दिसतो. पाय साथ देत असतील, तर सेंट पॉल्सला उतरून मिलेनियम पुलावरून नदी ओलांडावी आणि दक्षिण काठाने वेस्टमिन्स्टरपर्यंत चालत जावे. संपूर्ण प्रवासात आमच्या सर्वाधिक लक्षात राहिलेला तास हा होता.

खर्चाचा फरकही लक्षात घेण्याजोगा आहे. साध्या बसचे भाडे 2025 मध्ये 1.75 पौंड होते; एकदा भाडे दिले की तासाभरात तेवढ्यात हव्या तितक्या बस बदलता येतात, आणि बस व भुयारी रेल्वे मिळून एका दिवसात ठरावीक कमाल रकमेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत. मात्र बसमध्ये रोख रक्कम घेत नाहीत आणि एका बँक कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही. त्यामुळे नवरा-बायकोने आपापले स्वतंत्र कार्ड मुंबईतून निघण्यापूर्वीच परदेशी व्यवहारांसाठी सुरू करून घ्यावे. नॅशनल गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या कायमस्वरूपी संग्रहांना प्रवेशमूल्य नाही. एकाला चित्रांची आवड आणि दुसऱ्याला बाजाराची असेल, तर एकाने नॅशनल गॅलरीत आणि दुसऱ्याने दहा मिनिटांवरच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये तासभर घालवून ट्रफाल्गर चौकात पुन्हा भेटावे. आवडीनिवडी वेगळ्या असलेल्या जोडप्याला हे स्वातंत्र्य फार उपयोगी पडते.

स्वतःची वाट आखण्याचे आणखी एक कारण मराठी माणसासाठी विशेष आहे. 10, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली ते विकत घेऊन तिथे स्मारक केले. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत जाण्याइतके जवळ आहे, आणि वाटेत किंग्ज क्रॉसला उतरून सेंट पॅन्क्रसची लाल विटांची दर्शनी इमारत पाहता येते. तिचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच आपल्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला, तोही मुंबईत कधीही पाऊल न ठेवता.

ऋतूचा विचार मात्र आधी करावा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने वरील सर्व सावकाश जमते. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा टॉवर आणि नदीकाठ एवढेच ठरवावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांना मात्र आम्ही पर्यटक बसच सुचवतो, कारण भुयारी रेल्वेच्या अनेक स्थानकांत उद्वाहन नाही आणि जिने पुष्कळ आहेत. त्यांनी सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसावे, न उतरता पूर्ण फेरी करावी आणि त्यानंतर एकाच ठिकाणी उतरून दुपार तिथेच घालवावी.