पान कॉर्नर: डिलिव्हरी सुसाट, वय विचारायला कोणी नाही

ॲपचं नाव घेत नाही. दहा मिनिटांत सामान आणणारी जी मंडळी आहेत त्यातलंच एक, मुलुंड ईस्टला आमच्या अख्ख्या सोसायटीत तेच चालतं. भाजी ताजी असते, पैसे परत द्यायला कटकट करत नाहीत, त्याबद्दल चार स्टार डोळे झाकून. पण हा रिव्ह्यू फक्त त्यातल्या पान कॉर्नरचा आहे आणि तिथे मी दीडच्या वर जाणार नाही.

पान कॉर्नर म्हणजे सिगारेट, लायटर, रोलिंग पेपर (सिगारेट वळायचा कागद), बडीशेप, सगळं एकाच ठिकाणी. उघडलं की स्क्रीनवर येतं, तुमचं वय १८ पूर्ण आहे का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. झालं व्हेरिफिकेशन. 'नाही' दाबलं तर मागे जाऊन परत येऊन 'हो' दाबता येतं, मी दाबून बघितलंय. आता सोळा वर्षांचं कुठलं कार्टं तिथे 'नाही' दाबून अभ्यासाला बसणार आहे? आणि एकदा हो केलं की त्या फोनवर परत विचारतच नाहीत, म्हणजे आईने देवापुढच्या दिव्यासाठी लायटर मागवला की घरातल्या सगळ्यांना रान मोकळं.

बरं हा काही ॲपच्या मर्जीचा प्रश्न नाही, कायदा आहे. कोटपा, सिगारेट-तंबाखूच्या विक्रीवरचा, २००३ चा. १८ च्या खाली तंबाखूचं काहीही विकायचं नाही, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डात, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, कोणालाच विकायचं नाही. टपरी एका जागी उभी असते म्हणून तिला हा नियम लावता येतो (लावतात का ते सोडा, सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे आणि कुठल्याही नाक्यावर उभं राहून बघा काय चाललंय ते). पण ॲपचं दुकान नक्की कुठे धरायचं? गोडाऊन असतं कुठेतरी आतल्या गल्लीत, माल हातात पडतो तो भलतीकडेच. मी लोकेशनची पिन सरकवत एका शाळेच्या गेटवर नेली, सगळ्या सिगारेटी दिसत होत्या, वर लिहिलेलं ८ मिनिटांत पोचेल. ऑर्डर अर्थातच केली नाही. पिन शाळेजवळ आली की ती कॅटेगरी बंद, एवढं करायला काय अवघड आहे? पाऊस पडला की जास्तीचे पैसे कुठल्या एरियात लावायचे ते तर बरोबर कळतं ह्यांना.

पण खरा घोळ दारात आहे. मी सोसायटीची सेक्रेटरी, गेटवरची भांडणं माझ्याकडेच येतात त्यामुळे बरेच रायडर ओळखीचे झालेत. त्यातल्या एकाला, ठाण्याच्या पुढे दिवा आहे तिथून येतो तो, विचारलं की अरे सिगारेटच्या ऑर्डरला आयडी बघता का तुम्ही. तो म्हणाला, "ताई, ॲपमध्ये लिहून येतं ना वय चेक करा म्हणून. पण समोरच्याने नाही दाखवलं तर माल परत स्टोअरला न्यायचा, तेवढ्यात माझ्या दोन ऑर्डरी गेल्या, वरून तो खराब रेटिंग देणार." मग कशाला विचारेल तो?

आणि आता हे वाचा. कोटपाखाली लहान मुलाला विकलं तर दंड किती, तर २०० रुपयांपर्यंत. पण जुवेनाइल जस्टिस ॲक्ट २०१५, म्हणजे लहान मुलांच्या संरक्षणाचा कायदा, त्याचं कलम ७७ म्हणतं की १८ च्या खालच्या मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. दारात पाकीट हातात देतो कोण? हाच दिव्याचा पोरगा. कंपनीने 'हो-नाही'चं बटण लावून हात झटकले, रायडरच्या स्क्रीनवर एक ओळ टाकून परत झटकले, उद्या काही झालं तर पोलीस पहिला धरणार ह्याला. ओटीपी असतो की, असं म्हणू नका. ओटीपी येतो अकाउंटवाल्याच्या फोनवर, तो कोण वाचून दाखवतोय ते कोणाला माहीत. आणि 'गेटवर ठेवा' हा ऑप्शन सिगारेटच्या ऑर्डरलाही चालू असतो! ब्राऊन पिशवी वॉचमनच्या टेबलावर, कोणीही येऊन उचला. आमचे वॉचमन काका पिशवीत डोकावणार थोडीच.

ह्यापेक्षा स्टेशनजवळचा आमचा वाईनवाला परवडला. फोनवर ऑर्डर घेतो, ॲप नाही, काही नाही. भाचा पुण्याहून आलेला, वय २२, त्याने मामाच्या नावावर व्हिस्की आणि बिअर मागवली. दुकानातला माणूस दारात आला, चेहरा बघितला, लायसन्स मागितलं आणि म्हणाला बिअर घे, व्हिस्की मामा आले की देतो. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्डला २५, हे बाहेरून आलेल्यांना सोडा, इथल्या अर्ध्या पब्लिकलाही माहीत नसतं. भाचा जाम चिडला, लग्न करायला २१ चालतं आणि पेगला २५ का म्हणून. मुद्दा त्याचा बरोबर असेल पण वाईनवाल्याने केलं ते चोखच. फरक एवढाच आहे की तो माणूस दुकानाचा पगारी आहे, बाटली परत नेली म्हणून त्याचे पैसे कापत नाहीत, आणि दारूविक्रीचं लायसन्स मालकाचं जाणार असल्यामुळे मालकच त्याला सांगून पाठवतो. (दारू प्यायच्या एक दिवसाच्या पाच रुपयांच्या परमिटचं मात्र त्यानेही विचारलं नाही, ते असो.)

ॲपला एका गोष्टीचे मार्क देते. वेप सर्च केलं तर काहीच येत नाही, २०१९ पासून ई-सिगारेट विकायला देशातच बंदी आहे आणि ती पाळलेली दिसते. म्हणजे मनात आणलं तर जमतं. रोलिंग पेपर मात्र कार्टमध्ये थेट पडतो, त्यात तंबाखू नाही ना.

कोणी म्हणेल मग आधार अपलोड करायला लावा. अजिबात नको. सिगारेटच्या पाकिटासाठी माझं आधार ह्यांच्या सर्व्हरवर कशाला? दारात कार्ड दाखवा, रायडरने जन्माचं साल बघायचं, फोटो काढायचा नाही, विषय संपला. पॅन कार्ड पुरतं, त्यावर जन्मतारीख असते आणि पत्ता नसतो. ब्रिटनमध्ये दुकानांत चॅलेंज २५ म्हणून पद्धत आहे, वयाची अट १८ ची पण २५ च्या आतला वाटला तरी कार्ड मागायचं, म्हणजे अंदाज चुकला तरी पोरगं सुटत नाही. आपल्याकडे रायडरच्या ॲपमध्ये 'वय कमी, परत नेतो' असं एक बटण आणि त्या फेरीचे पूर्ण पैसे, एवढं दिलं तरी अर्धं काम होईल.

हे सगळं मी कस्टमर केअरच्या चॅटवर लिहिलं. उत्तर आलं की आम्ही जबाबदारीने विक्री करतो, गैरसोयीबद्दल ५० रुपयांचं कूपन. वापरलं, टोमॅटो आणले.

घरात पोरं असतील तर एक करा. ह्या ॲपमध्ये प्रोफाइलमध्ये खाली 'काही प्रॉडक्ट लपवा' असं सेटिंग आहे, ते चालू केलं की पान कॉर्नर दिसतच नाही. ते बंद करायला पिन लागत नाही, त्यामुळे मधूनमधून उघडून बघावं लागतं.