गेटिसबर्गला लायसन्सवाला गाइड घ्याच

अमेरिकेच्या यादवी युद्धातली, पेनसिल्व्हेनियातली गेटिसबर्गची रणभूमी बघायची असेल तर बसच्या टूरपेक्षा लायसन्सवाला गाइड घ्या. ही पद्धत १९१५ पासून चालू आहे. लेखी आणि तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. आपण आणलेली गाडी गाइडच चालवतो, त्यामुळे आपल्याला निवांत बघता येतं.

मी आयुष्यभर सर्व्हेचं काम केलं, म्हणून आधीच सांगून टाकलं की मला जनरल वॉरन समजून घ्यायचाय. मग काय, गाइड खुलला आणि लिटल राउंड टॉप या टेकडीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. तिथे एका मोठ्या खडकावर वॉरनचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात दुर्बीण. २ जुलै १८६३ च्या दुपारी युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्याचा हा चीफ इंजिनिअर वर चढला, तेव्हा टेकडीवर सिग्नलवाले सोडले तर कोणी नव्हतं. टेकडी गेली असती तर सैन्याची डावी बगल उघडी पडली असती. त्याने खालच्या तोफेला समोरच्या झाडीवर एक गोळा टाकायला सांगितला. आवाजासरशी झाडीतले शत्रूचे सैनिक हलले आणि उन्हात त्यांच्या बंदुका चमकल्या, असं वॉरननेच पुढे पत्रात लिहिलंय. गाइडने ती झाडी दाखवली, हातात कंटूरचा, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा दिला. जमीन वाचणारा माणूस तिथे नसता तर काय झालं असतं, हे नकाशावर लख्ख दिसतं. मला भरून आलं.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८५० साली दुसरा आलेला, मिसिसिपीपलीकडच्या मुलखाचा नकाशा करणारा हा अधिकारी. १ एप्रिल १८६५ ला फाइव्ह फोर्क्सच्या लढाईत त्याचा वरिष्ठ जनरल शेरिडनने त्याला तडकाफडकी कमांडवरून काढलं. चौकशी व्हावी म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला. चौकशी सुरू व्हायला १८७९ उजाडलं, आणि बहुतांश त्याच्या बाजूने लागलेला निकाल जाहीर झाला १८८२ मध्ये, तो गेल्यावर काही महिन्यांनी. मला गणवेशात पुरू नका, असं तो सांगून गेला होता. गाइडने हे पुतळ्यापाशीच, सावकाश सांगितलं. त्याची बहीण एमिली म्हणजे न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज तडीस नेणारी एमिली रोबलिंग, हेही तिथेच कळलं.

नेहमीचे दोन तास मात्र अपुरे पडतात. जास्त वेळाचं बुकिंग मिळत असेल तर तेच करा, आणि कोणाबद्दल ऐकायचंय ते गाडीत बसतानाच सांगा.