जनरलाइज्ड ओडीईच्या झेरॉक्स नोट्स: तिसरं प्रकरण घेण्यासारखं, चौथं तपासून वाचा

सोलापुरात एम.एस्सी. गणिताच्या मुलांमध्ये जनरलाइज्ड ओडीईवरच्या, म्हणजे उकलीत अचानक उड्याही चालतात अशा विकलक समीकरणांवरच्या, स्पायरल बाइंडिंगच्या या नोट्स सध्या फिरताहेत. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पहिली दोन प्रकरणं घाईत उरकलीत: कुर्झवाइलने १९५७ मध्ये मांडलेलं इंटिग्रल, गेज (कुठल्या बिंदूपाशी तुकडा किती बारीक हवा ते सांगणारं फलन), कझिनचं लेमा (तसे तुकडे नेहमी पाडता येतात हे सांगणारं), सगळं चार पानांत. गेज आधीच येत असेल त्यालाच ती कळतील.

पैसे वसूल होतात ते आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा तीच येणाऱ्या, उकलींच्या तिसऱ्या प्रकरणात. साध्या ओडीईत (विकलक समीकरणात) अशी उकल शोधायला घेताना उजवी बाजू आवर्ती असावी एवढीच अट घालतात. इथे उजवीकडचं फलन आधीच संकलित झालेलं असतं, त्यामुळे तेच आवर्ती हवं असा हट्ट धरला तर कामाची बहुतेक उदाहरणं बाद होतात. एका आवर्तनाने पुढे सरकल्यावर फलनाची वाढ तीच यायला हवी, किंमत नव्हे. जेकार्डवर चादरीची नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते, विणलेली लांबी मात्र वाढत जाते, हा नोट्समधला दाखला सोलापुरातच सुचावा!

उदाहरणही नेमकं निवडलंय. क्ष-चा बदलदर उणे क्ष, आणि दर पूर्णांक क्षणी १ ची उडी. उडीनंतरची किंमत क धरली, तर पुढच्या उडीआधी क भागिले ई (सुमारे २.७१८) उरतं. त्यात १ मिळवून पुन्हा क यायला हवं. म्हणून क = १.५८२, उडीआधी ०.५८२. सुरुवात कुठूनही केली तरी या उकलीपासूनचा फरक दर आवर्तनाला सुमारे ३७ टक्केच उरतो. उड्या आलटूनपालटून अधिक-उणे १ घेतल्या की प्रति-आवर्ती, म्हणजे एका आवर्तनानंतर फक्त चिन्ह उलटणारी, उकल मिळते: अधिक उडीनंतर ०.७३१, उणे उडीनंतर उणे ०.७३१. तिथून पुढे अफाइन-आवर्ती उकल, म्हणजे एका आवर्तनानंतरची किंमत ही आधीच्या किमतीवर ठरावीक मॅट्रिक्स लावून मिळते, ही पायरी सहज चढता येते.

चौथ्यात मात्र घोळ आहे. अशी उकल असतेच हे दाखवणाऱ्या सिद्धतेत आर्झेला-आस्कोली प्रमेय वापरलंय; त्याला फलनं समसंतत, म्हणजे सगळी सारख्याच प्रमाणात सलग, लागतात. उकली उड्या मारतात, मग समसंतत कुठून असणार? तिथे हेलीचं निवड प्रमेय हवं, ते मर्यादित चढउताराच्या फलनांना उड्यांसकट चालतं. सांत मितीत पॉइंकारे मॅपला (सुरुवातीची किंमत एका आवर्तनानंतर कुठे पोचते ते सांगणाऱ्या फलनाला) ब्रौवरचं स्थिरबिंदू प्रमेय लावलं तरी भागतं. दुसरं, रेषीय समीकरणात एकक मॅट्रिक्स अधिक उडीचं मॅट्रिक्स व्यस्तक्षम (उलट मॅट्रिक्स निघेल असं) हवं, ही अट गाळलीय. एका मितीत उडीचा गुणक उणे १ घेऊन बघा: सगळ्या उकली एकदम शून्यावर येतात आणि मागे जायची वाट बंद होते. नोट्स तरीही दोन्ही दिशांना एकच उकल असल्याचा दावा करतात.

झेरॉक्सची झेरॉक्स अजिबात घेऊ नका. उजव्या सीमेचं बारीक अधिक चिन्ह त्यात उडालेलं असतं, मग ०.५८२ आणि १.५८२ या एकाच क्षणाच्या दोन किमती वाटतात. दुकानात मूळ प्रत मागा, आणि ते चिन्ह दिसतंय ना हे बघूनच पैसे द्या.