सीमली टू-डी: आठ महिने आणि अकरा ब्लाउज-पॅटर्ननंतर

लातूरला 19 वर्षं झाली, मी ब्लाउज शिवते. गेल्या दोन वर्षांपासून पॅटर्नही, म्हणजे कापड कापायचे आखीव नमुने, विकते. आधी ब्राऊन पेपरवर एल स्केल आणि फ्रेंच कर्व्ह घेऊन हातानं काढायचे. 34 ते 44 असे सहा साईझ, आणि प्रत्येक साईझ पहिल्या रेघेपासून नव्यानं. एका कटोरी ब्लाउजचा (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडतात तो) पूर्ण संच काढायला दोन दिवस मोडायचे. दुसऱ्या गावाहून मागणी आली की तेच कागद पुन्हा छापून घ्यायचे, कुरियर करायचे. पावसाळ्यात ते ओले होऊन पोचायचे. भाच्यानं जूनमध्ये लॅपटॉपवर सीमली टू-डी हे पॅटर्न आखायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, तेव्हापासून अकरा पॅटर्न त्यात केले. आता मन लावून लिहावं इतका अनुभव गाठीशी आहे.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. व्हॅलेंटिना नावाच्या मूळ प्रकल्पातून फुटून निघालेलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. माझा लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमचा, तरी कधी अडखळलं नाही. सोबत सीमली-मी नावाचा वेगळा भाग येतो, त्यात फक्त मापं भरायची. मापांची फाईल वेगळी, पॅटर्नची वेगळी. या एका गोष्टीत सगळी ताकद आहे. पॅटर्न एकदा मापांच्या नावांवर उभा केला की 36 ची फाईल काढून 42 ची लावायची, सगळं चित्र त्या मापाला नव्यानं आखलं जातं.

पण इथपर्यंत यायला मला पाच आठवडे लागले. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरसारखी हातानं रेघ ओढता येत नाही. प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूपासून किती अंतरावर आणि किती कोनात, हे सांगावं लागतं. उजवीकडं 0 अंश, वर 90, डावीकडं 180, खाली 270. एक बिंदू चुकला आणि त्याच्यावर पुढचे दहा उभे असले की तो पुसूही देत नाही. सुरुवातीला दोनदा अख्खा पॅटर्न टाकून दिला. आम्ही सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलणारी माणसं, तिथं दशांश लागतात. सात इंच तीन सूत म्हणजे 7.375. आठ आकड्यांचा तक्ता करून मशीनच्या वर भिंतीला चिकटवला, महिन्याभरात तो पाठ झाला.

खरं सांगायचं ते पुढं आहे.

कटोरीचा पहिला पॅटर्न 36 वर बरोबर बसला. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाची, खोली मी शिकले तशीच लिहिली होती: छातीचा सहावा भाग, अधिक अर्धा इंच. 36 ला साडेसहा. मग 42 ची फाईल लावली आणि पडद्यावरचा मुंढा बघून थांबले. साडेसात इंच! इतका खोल मुंढा मी दुकानात कधी कापलाच नव्हता. मग 42 च्या बाईचा ब्लाउज इतकी वर्षं मी कापत तरी कशी होते? कागद काढून बघितले. हात आपोआप अर्धा-पाऊण इंच वर सरकत होता. सूत्र तोंडात एक आणि कात्री चालायची दुसऱ्या रेघेवर. कागद कापणाऱ्या माझ्या हाताला ते माहीत होतं, पण फाईल विकत घेणाऱ्या ताईला कुठून माहीत असणार? तिनं त्याच रेघेवर कापलं की हात वर केल्यावर पूर्ण ब्लाउज वर चढणार.

ज्या मावशींकडं शिकले त्यांना औशाला जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, छाती म्हणजे बगलेतून घेतलेली. तू भरल्या छातीवरून टेप फिरवतीस आणि सूत्राला नावं ठेवतीस." बरोबर होतं. त्यांचा टेप नेहमी बगलेखालून, वरच्या छातीवरून जायचा. दुकानाच्या गर्दीत मी एकच माप घ्यायला लागले, भरल्या छातीचं, आणि सूत्र मात्र त्यांचंच धरून बसले. 42 भरली छाती असलेल्या बाईची वरची छाती 38 असू शकते. 38 चा सहावा भाग अधिक अर्धा इंच म्हणजे 6.83. म्हणजे मुंढा साडेसातपेक्षा पाच सुतांहून थोडा जास्तच वर येतो. एवढा फरक माझा हात न सांगता भरून काढत होता.

सीमली-मीमध्ये वरच्या छातीला आणि भरल्या छातीला दोन वेगळी मापं आहेत. आता खांदा आणि मुंढा मी वरच्या छातीवरून काढते, आणि दोन्हींतला फरक कटोरीच्या खोलीत आणि टक्समध्ये (आकार देणाऱ्या चिमट्यांत) टाकते. पॅटर्नच्या फाईलमध्ये स्वतःचं नवं नाव बनवायचं असेल तर त्याच्यापुढं # लागतं. मी त्या फरकाला नाव दिलंय, आणि कटोरीची प्रत्येक रेघ त्याच्यावर चालते. त्यामुळे 36 च्याच दोन बायकांना दोन वेगळ्या कटोऱ्या निघतात. माझ्या कागदी पॅटर्नमध्ये हे कधीच जमलं नसतं.

बाहीचंही असंच झालं. वक्र रेघेची लांबी सॉफ्टवेअर स्वतः मोजून तक्त्यात दाखवतं. पुढचा मुंढा, मागचा मुंढा आणि बाहीचा गोल यांची लांबी शेजारी ठेवली, तर 40 च्या पुढं बाही तीन सूत कमी पडत होती. मी ती टीप मारताना ओढून घेत होते. नवशिक्या मुलीच्या बाहीला तिथंच चुण्या पडतात आणि ती म्हणते, मला शिवणच येत नाही. आता बाहीच्या सूत्रात मुंढ्याची लांबीच घातली आहे.

जिथं मदत होत नाही तेही सांगते. मांडणीचा भाग तुकडे कागदावर बसवून देतो, कापड बेतून देत नाही. खणाचा पन्हा अरुंद असतो, माझ्याकडं येतो तो 31 इंच. त्यात कटोरी उरेब, म्हणजे तिरकी, कापायची म्हटलं की कापड जास्त लागतं. पैठणीच्या ब्लाउजपीसचा काठ बाहीच्या तळाशी आणि मागच्या गळ्याला पुरवायचा असतो. हा बेत टेबलावर कापड पसरूनच करावा लागतो, आणि मी पॅटर्नसोबत त्याचं हातानं काढलेलं चित्र देते. शिवणीबाहेर सोडायची मायाही जपून बघा: सगळीकडं सारखी माया लावणं सोपं आहे, पण आमच्याकडं बाजूला दीड इंच सोडतात, कारण ब्लाउज पुढं उसवून मोठा करायचा असतो. ती प्रत्येक कडेला वेगळी भरावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

विणकामाला याचा उपयोग नाही. बाळाच्या स्वेटरचे नमुने मी वहीतच करते: 10 सेंटिमीटरला 22 टाके बसत असतील आणि घेर 56 सेंटिमीटर हवा असेल तर 123 येतात, सम संख्या हवी म्हणून 124. तिथं टाके मोजायचे असतात, रेघा आखून काही होत नाही.

छपाईनं सगळ्यात जास्त त्रास दिला. ए4 च्या पानांवर तुकडे करून पीडीएफ निघते, माझ्या ब्लाउजची 14 पानं होतात. उदगीरच्या एका ताईंनी छापून, चिकटवून, कापून शिवलं आणि फोन केला की छातीला आवळतंय. सेंटरवाल्यानं पानात बसवण्यासाठी छपाई 96 टक्क्यांवर केली होती. 36 चा ब्लाउज साडेचौतीसचा झाला. त्यांचं अस्सल रेशमी कापड गेलं, याची मला अजून रुखरुख आहे. तेव्हापासून पहिल्या पानावर दोन इंची चौकोन असतो, आणि ठळक अक्षरांत लिहिते: आधी फक्त हे पान 100 टक्क्यांवर छापा, टेपनं मोजा, मगच बाकीची. ज्यांना पानं चिकटवायची नसतात त्यांना ए0 ची फाईलही देते. इंजिनिअरिंगचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ती एका कागदावर निघते. लातूरच्या गंजगोलाईच्या अलीकडं मला असं एक दुकान सापडलं.

लाईट जाते तिथं राहत असाल तर सेटिंगमध्ये आपोआप सेव्ह होण्याची वेळ कमी करून ठेवा. माझं एक दुपारभराचं काम असंच गेलंय.

पाचपैकी मी चार देईन. एक कापला तो शिकण्यातल्या खडतरपणासाठी. मी इंग्रजीतूनच वापरते, आणि मापांची नावं कळायलाच आठवडा गेला. ज्यांना महिन्याला एखादा ब्लाउज शिवायचाय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, ब्राऊन पेपर बरा. पण पॅटर्न दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल, तर तुमच्या हातात दडलेलं सूत्र बाहेर यायलाच हवं, आणि ते काढून घेणारं दुसरं साधन मला अजून मिळालेलं नाही.

सध्या 46 आणि 48 वर काम चालू आहे. मागणी या दोन साईझची सर्वांत जास्त येते, आणि या बायकांना तयार पॅटर्न सहसा मिळत नाही. आकडे नुसते पुढं वाढवून फाईल द्यायची नाही, असं ठरवलंय. प्रत्येक साईझच्या पाच जणींच्या अंगावर कच्च्या कापडाचा ब्लाउज बसवून बघते आहे. 46 च्या दोघी झाल्या. तिसऱ्या ताई येत्या रविवारी येणार आहेत.