शिबिरात नकाशा शिकवायचा: हातनकाशा, टोपोशीट की मोबाइल?

एप्रिल उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे शिबिरांची जुळवाजुळव सुरू होते. नकाशावाचनाला तीन-चार सकाळी मिळणार असतील, तर त्या कशावर घालवायच्या? पर्याय तीन आहेत: पावलं मोजून काढलेला हातनकाशा, भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट (डोंगर, ओढे, रस्ते दाखवणारा नकाशा, पुस्तकी नाव स्थलनिर्देशक नकाशा) आणि होकायंत्र, किंवा मोबाइल. माझं मत आधीच सांगते. दहा वर्षांखालच्या मुलांना हातनकाशा पुरतो. बारा वर्षांपुढच्यांच्या हाती टोपोशीट द्याच. मोबाइल शेवटच्या दिवशी काढावा, तोही पडताळणीपुरता.

हातनकाशाला खर्च नाही. शहापूर किंवा अनगोळमधली एक गल्ली घ्या, प्रत्येकाला आपली शंभर पावलं किती मीटर होतात ते टेपने मोजू द्या आणि कोऱ्या कागदावर विहीर, देऊळ, पिठाची गिरणी मांडायला सांगा. प्रमाण म्हणजे काय हे इथेच कळतं, कारण पहिल्या प्रयत्नात निम्म्या मुलांची गल्ली कागदाबाहेर जाते. उणीव एकच, चढ-उतार दाखवता येत नाही. आपला मुलूख तर सगळा टेकड्यांचा आणि ओढ्यांचा.

म्हणूनच मी टोपोशीटसाठी आग्रह धरते. १:५०,००० च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हा हिशेब चौथीच्या मुलालाही जमतो. वळणाचा रस्ता दोऱ्याने मोजायचा, मग दोरा पट्टीवर ताणायचा. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, समजावायला अर्धा बटाटा पालथा ठेवून त्याच्या आडव्या चकत्या करा आणि एकेका चकतीची कड कागदावर गिरवा. या शीटवर लगतच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असतो. मग बेळगावच्या दक्षिणेला असलेल्या राजहंसगडावर न्या. रेषा जिथे दाटीने आल्यात तिथे चढताना पोटऱ्या भरून येतात, की वेगळं शिकवावं लागत नाही.

गडावरचीच गोष्ट. मुलं दक्षिणेकडे तोंड करून उभी होती, शीटवरची अक्षरं मात्र सरळ धरलेली. त्यामुळे डावीकडची टेकडी नकाशात उजवीकडे दिसत होती. बराच वेळ गोंधळ चालला. शेवटी एक मुलगी शीट न हलवता स्वतःच वळून बेळगावकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आता बसलं ओ!" नकाशा जमिनीशी जुळवणं म्हणतात ते हेच. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील, दिशा जुळली पाहिजे, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

खानापूर तालुक्यात शिबिर असेल तर आणखी एक खजिना हाताशी आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. निळ्या पेन्सिलीने दोन्हीकडचे ओढे गिरवत मागे जायला लावा. ज्या डोंगरकण्यावर दोन्हीकडच्या रेघा थांबतात, तिथून एक पाणी बंगालच्या उपसागराला जातं आणि दुसरं अरबी समुद्राला. हे मोबाइलच्या पडद्यावर इतकं नीट दिसत नाही. हंगामी ओढे शीटवर काळे असतात, हेही आधी सांगा, नाहीतर मेमध्ये कोरडं पात्र पाहून मुलं नकाशालाच खोटं ठरवतात.

अडचणीही आहेत. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून शीटची पीडीएफ मिळते, पण छापताना दुकानदार ती कागदात बसवायला लहान करतो आणि प्रमाण बिघडतं. छपाई हातात आली की प्रमाणपट्टीवर एक किलोमीटर बरोबर दोन सेंटिमीटर भरतो का ते तिथेच पाहा. छपाई रंगीतच हवी. शिवाय जिथे एक शीट संपून दुसरं सुरू होतं, ते ७४ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त बेळगाव शहरातूनच जातं, त्यामुळे शहर दोन शीटांत विभागलंय. दोन्ही घेऊन जोडावी लागतात. नावं इंग्रजीत असतात, गावातल्या पाट्या कन्नडमध्ये आणि मुलं घरी बोलतात मराठी. मी तर याचाच खेळ करते: एकेका गावाचं नाव तिन्ही लिप्यांत लिहायचं.

होकायंत्र चौघांत एक पुरे. लोखंडी कठडा, गाडी, पट्ट्याचं बक्कल यांपासून लांब धरायला शिकवा. काठीच्या सावलीवरून दिशा काढणार असाल तर जपून. बेळगावात ४ मेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि त्यानंतर काही महिने माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. उगवताना तो खऱ्या पूर्वेपासून सुमारे १६ अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी साडेनऊच्या सुमारास सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण करा, दुपारी साडेतीनच्या सुमारास पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. ही शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जुनी रीत कुठल्याही महिन्यात चालते.

मोबाइल वाईट नाही. जंगलात नेटवर्क गेलं तरी आधी उतरवलेल्या नकाशावर जीपीएस ठिकाण दाखवतो. पण तो उत्तर आधी देतो, त्यामुळे मुलं आजूबाजूला पाहतच नाहीत, निळ्या ठिपक्यामागे चालत राहतात. आधी शीटवर पेन्सिलीने "आपण इथे" अशी फुली मारून घ्या, मगच मोबाइल उघडू द्या. फुली दोनशे मीटर चुकली तरी ती का चुकली यावर जी चर्चा रंगते, ती ऐकण्यासारखी असते.

दोनच सकाळी मिळत असतील, तर पहिली गल्लीत पावलं मोजण्यात घालवा आणि दुसरी शीट घेऊन जवळच्या टेकडीवर. होकायंत्रं घ्यायला पैसे कमी पडले तर तीच वगळा, रंगीत छपाई मात्र वगळू नका.