पदर घेतलेली गोरी बाई आणि नौपाड्यातलं नाण्यांचं दुकान

माझे आजोबा मुंबईच्या टांकसाळीत कामाला होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१च्या सुमारास, तिथे एका परदेशी बाईची चांदीची नाणी पाडली जात. आजोबा घरी सांगायचे, "डोक्यावरून पदर घेतलेली गोरी बाई, आणि साल बघावं तर १७८०!" ही गोष्ट माझ्यापर्यंत वडिलांच्या तोंडून आली. नाणं मात्र घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी ३१ वर्षं बँकेत कॅशवर काढली, लाखो नाणी हाताखालून गेली, पण हे एक पाहायचं राहिलंच होतं.

गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलं. आलं ते जेमतेम २३ ग्रॅमचं, कडेला एकही अक्षर नाही. पैसे गेले ते गेलेच. मग भाच्याने ठाण्याच्या नौपाड्यातल्या या नाण्यांच्या दुकानाचं नाव सुचवलं. गोखले रोडवरून आत वळल्यावर पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची एकच खोली, त्यात एक काउंटर आणि दोन खुर्च्या.

मी म्हटलं, "मारिया थेरेसा थॅलर हवंय." आजोबांच्या गोष्टीतलं नाणं ते हेच. मारिया थेरेसा ही अठराव्या शतकात ऑस्ट्रिया, हंगेरी, बोहेमियावर राज्य करणारी बाई, आणि थॅलर म्हणजे तिचं चांदीचं मोठं नाणं. मालकांनी लगेच नाणं काढून दाखवलं नाही. आधी काटा पुढे घेतला, त्यावर वजन ठेवून तो बरोबर दाखवतोय हे मला बघायला लावलं. मग नाणं ठेवलं: २८.०५ ग्रॅम. मूळ वजन २८.०७ च्या आसपास, त्यात शुद्ध चांदी साधारण २३.४ ग्रॅम. नंतर कड माझ्याकडे फिरवली. तिथे लॅटिनमध्ये 'युस्टिशिया एट क्लेमेंशिया', म्हणजे न्याय आणि दया, अशी उठावाची अक्षरं होती. शेवटी बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकी टिचकी मारली. तो नाद अजून कानात आहे.

आणि खरंच, डोक्यावर पदर! नवरा फ्रान्सिस १७६५ मध्ये वारला, त्यानंतरचा हा विधवेचा बुरखा. १७८० मध्ये ती स्वतः गेली, पण अरबस्तान आणि इथिओपियाच्या व्यापाऱ्यांचा विश्वास याच ठशावर बसलेला, म्हणून पुढे कितीही वर्षांनी पाडलं तरी साल तेच राहिलं.

यापुढचा पाऊण तास मला सगळ्यात मोलाचा वाटला. मालक म्हणाले, "ताई, घाई नसेल तर कडेकडेने वाचू या." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. नाण्याच्या दोन्ही बाजूंना गोलाकार कोरलेल्या अक्षरांना मी नुसती नक्षी समजत होते. खरं तर ती एका घराण्याच्या इस्टेटीची यादी आहे. मारिया थेरेसाचं घराणं हाब्सबुर्ग, आणि त्यांचं राज्य म्हणजे एक देश नव्हेच. सोयरिकी, वारसा आणि अधूनमधून तलवार यांतून गोळा झालेली गाठोडी एका माणसाच्या खांद्यावर, असा तो प्रकार.

'डुक्स बुर्ग', म्हणजे बर्गंडीची डचेस. हे १४७७ मध्ये हाब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी लग्न केलं तिथून आलं. तिचे वडील लढाईत पडताच मूळ डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, फ्रान्सच्या राजाने बळकावली होती. जमीन गेली, पण तीनशे वर्षांनंतरच्या नाण्यावरही किताब आहेच! 'को टिर', आल्प्सच्या डोंगरातल्या टिरोलची काउंटेस. तो मुलूख १३६३ पासून घराण्याकडे.

'हु बो रेग' म्हणजे हंगेरी आणि बोहेमियाची (आजच्या चेकियातला मुलूख) राणी, आणि सगळ्या राज्याचा पाया मला इथेच दिसला. १५१५ मध्ये व्हिएन्नात हाब्सबुर्ग आणि हंगेरी-बोहेमियाचं राजघराणं यांचं चक्क साटंलोटं ठरलं: हाब्सबुर्गांची मुलगी मेरी (ही दुसरी मेरी) तिकडच्या राजपुत्र लुईला, आणि लुईची बहीण ॲना हाब्सबुर्गांकडे. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांपुढे हरून पळताना लुई, तेव्हाचा राजा, मेला. वय वीस, मूलबाळ नाही. ॲनाचा नवरा, हाब्सबुर्गांचा फर्डिनांड, दोन्ही मुकुटांवर हक्क सांगत उभा राहिला. बोहेमियाच्या सभेने त्याला राजा निवडलं. हंगेरीत दुसरा दावेदार होता आणि तुर्क होतेच. १५४१ मध्ये बुदा शहर तुर्कांच्या हातात गेलं ते १६८६ मध्येच परत मिळालं. मधली दीडशे वर्षं हंगेरीचा राजा म्हणवायचं आणि हातात पश्चिम-उत्तरेचा पट्टा.

जर्मन, चेक, मॅग्यार (म्हणजे हंगेरियन), स्लोव्हाक, क्रोएट अशी भिन्न माणसं, प्रत्येक मुलखाची आपली सभा, आपले कायदे, आपला राज्याभिषेक. बोहेमियाने बंड केलं आणि १६२०च्या लढाईत हरला, तेव्हा त्याची सभा पार नमवली गेली. हंगेरीला मात्र तसं नमवता आलं नाही. म्हणून १७४० मध्ये तेवीस वर्षांची मारिया थेरेसा गादीवर आली आणि प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक याने तिच्या सायलीशिया प्रांतावर झडप घातली, तेव्हा ती हंगेरीच्या सभेकडे गेली. १७४१ मध्ये प्रेसबुर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, मुकुट घेतला आणि सरदारांकडे मदत मागितली. ती मिळाली. सायलीशिया गेला, पण बाकीचं बहुतेक राज्य टिकलं. हे सगळं चार सेंटिमीटरच्या चकतीवर बसलंय हे पाहून मी थक्क झाले.

एक चूक सांगायलाच हवी. खणावरच्या चिठ्ठीत 'ऑस्ट्रियाची राणी' लिहिलं होतं. ऑस्ट्रिया तेव्हा राज्य नव्हे तर आर्चडची, म्हणजे आर्चड्यूकचा मुलूख होती, त्यामुळे ती तिथली आर्चडचेस. राणी हंगेरी-बोहेमियाची, आणि रोमन सम्राज्ञी हा किताब नवऱ्याच्या सम्राटपदामुळे. मी नाण्यावरचीच अक्षरं दाखवली. मालकांनी जागच्या जागी चिठ्ठी बदलली आणि लिहिलेलं मला वाचून दाखवलं.

मी विचारलंच, "हे मुंबईचं असेल का?" हो म्हटलं असतं तर मी दोन पैसे जास्त दिले असते, आणि माझ्या आवाजावरून त्यांना ते कळलंही असेल. ते म्हणाले, "व्हिएन्ना, लंडन, पॅरिस, मुंबई, सगळीकडे पाडलंय. मला खात्री नाही, मी लिहून देणार नाही." भाव त्या दिवशीच्या चांदीपेक्षा थोडाच वर लावला.

उणिवा आहेत. जिना अंधारा आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत घेऊन जावं. शनिवारी संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही आणि गाडी लावायचं तर विचारूच नका. स्टेशनवरून चालत जावं. स्वतःचं भिंग असेल तर न्या, दुकानात एकच आहे. फार स्वस्त काही मिळेल या आशेने जाऊ नका.

पावती हाताने लिहिलेली मिळते. माझ्या पावतीवर आहे: 'मारिया थेरेसा थॅलर, साल १७८०, नंतर पाडलेलं, टांकसाळ अज्ञात.' ती मी नाण्याच्या पाकिटातच ठेवली आहे.